फ्लूच्या विषाणूचं पॅकेजिंग: उत्तरात आणि प्रयोगात या चुका टाळा

वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातली मराठी घरची जी मुलं एम.एस्सी.च्या व्हायरॉलॉजीसाठी (विषाणूशास्त्रासाठी) माझ्याकडे येतात, त्यांचं पाठांतर पक्कं असतं. इन्फ्लुएन्झा ए मध्ये आरएनएचे 8 तुकडे, हे झोपेतून उठवलं तरी सांगतील. ते आठही विषाणूच्या एका कणात येतात कसे, म्हणजे पॅकेजिंग होतं कसं, असं विचारलं की गाडी अडते.

'योगायोगाने भरले जातात' असं लिहून मोकळे होऊ नका. पुडीत चिवडा भरावा तसं? मग हिशोब करा. सगळे तुकडे सारख्या प्रमाणात आणि कणात जागा आठच, असं धरलं तर आठही वेगळे येण्याची शक्यता जेमतेम 0.24 टक्के, चारशेत एखादा कण. प्रत्यक्षात बहुतेक कणांत प्रत्येक तुकडा एकेकदाच सापडतो. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली आडव्या छेदात मधे एक, भोवती सात अशी मांडणी दिसते. म्हणजे इथे निवड होते.

निवडीचा संकेत कुठे? 'टोकाच्या नॉन-कोडिंग भागात', म्हणजे प्रोटीनचा मजकूर नसलेल्या भागात, हे उत्तर अर्धंच. अगदी टोकाचे 12-13 न्यूक्लिओटाइड (आरएनएची अक्षरं) आठही तुकड्यांत जवळजवळ सारखेच असतात. त्यांवरून कोण कुठला हे ओळखणार कसं? तुकड्यागणिक वेगळा संकेत थेट कोडिंग भागात शिरलेला असतो. रिव्हर्स जेनेटिक्स करणारे, म्हणजे डीएनएच्या प्रतींपासून बदललेला विषाणू घडवणारे, नेमके इथे फसतात. अख्खा जीन काढून जीएफपीचा (हिरव्या चमकणाऱ्या प्रोटीनचा) जीन बसवला, पेशी हिरव्या चमकल्या, पण पुढच्या पिढीच्या कणांत तो तुकडा जवळपास नाहीच. मग ट्रान्सफेक्शनच्या (पेशीत डीएनए घालण्याच्या) नावाने खडे फोडायचे! त्यापेक्षा दोन्ही टोकांचा थोडा कोडिंग भाग राखा आणि जीएफपीच्या आधी येणारे एटीजी (प्रोटीनची सुरुवात सांगणारे कोडॉन, म्हणजे तीन अक्षरांचे शब्द) बदला, म्हणजे भाषांतर जीएफपीच्याच एटीजीपासून सुरू होईल. त्या राखलेल्या भागात कोडॉन ऑप्टिमायझेशनही (त्याच अर्थाचे सोयीचे कोडॉन बसवणं) नको. प्रोटीन तेच राहतं, संकेत मात्र मोडतो.

आकृतीत उघडा आरएनए काढू नका. त्याच्यावर एनपी या प्रोटीनचं आवरण आणि टोकाशी पॉलिमरेज (आरएनएच्या प्रती काढणारं एन्झाइम) असतं. हे आरएनए-प्रोटीनचे गठ्ठे, म्हणजे आरएनपी, केंद्रकात तयार होतात, कण मात्र पेशीपटलावर अंकुरतो. बाण केंद्रकातच संपवलात तर गुण गेलेच.

रिअसॉर्टमेंटच्या, म्हणजे एकाच पेशीत दोन स्ट्रेनच्या तुकड्यांची अदलाबदल होण्याच्या, प्रश्नात मुलं 256 जोड्या (आठ तुकडे, प्रत्येकी दोन पर्याय) लिहून पेन खाली ठेवतात. तेवढ्या कागदावर. दोन स्ट्रेनचे पॅकेजिंग संकेत जुळत नसतील तर काही जोड्या क्वचितच बनतात, आणि परीक्षकाला हवी असते ती हीच ओळ.