हाडांच्या रक्ततपासणीत या चुका टाळा, नाहीतर पैसे पाण्यात

आमची मोठीमाय गावाहून अकराच्या एसटीनं तालुक्याला आली, स्टँडवर चहा-पोहे झाले आणि बारा वाजता सीटीएक्स नावाच्या हाडांच्या टेस्टसाठी रक्त दिलं. आकडा छान कमी आला, घरचे खुश, की चला हाडांची झीज थांबली. डॉक्टरनं विचारलं उपाशी होत्या का, तर म्हणे "म्या जेवन नाई केलं बापा, निस्ते पोहे खाल्ले." आठ दिवसांनी सकाळी आठला उपाशीपोटी परत दिलं तर आकडा जवळपास दुप्पट! सीटीएक्स म्हणजे झिजणाऱ्या हाडातून रक्तात येणारे तुकडे, ते पहाटे जास्त असतात, दुपारी उतरतात, खाल्लं की अजून खाली. त्यामुळं रात्रीच मुक्कामाला या आणि सकाळी चहासुद्धा नको. पी1एनपी म्हणजे हाड बनण्याची टेस्ट, तिला खाण्याचा एवढा फरक पडत नाही.

दुसरी चूक, "कॅल्शियम नॉर्मल आहे, मग हाडं ठीक." अहो, रक्तातलं कॅल्शियम शरीर काही करून जागेवर ठेवतं, कमी पडलं की हाडातून काढतं. घरचं सोनं गहाण ठेवून सोसायटीचं कर्ज भरल्यासारखं, खातं निल आणि कपाट रिकामं.

आणि ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं विरळ होऊन ठिसूळ होण्याचा आजार, आहे का हे या टेस्टवरून ठरत नाही, त्याला हाडांची घनता मोजणारा डेक्सा स्कॅन लागतो, त्यात टी-स्कोर (तरुण निरोगी हाडाशी तुलना) -2.5 किंवा खाली. शिबिरात टाच ठेवून बघतात ती मशीन वेगळी बरं का. रक्ताचे आकडे मुख्यतः गोळ्या लागू पडतात का ते बघायला, औषधाआधी एकदा आणि 3-6 महिन्यांनी परत, त्याच लॅबमध्ये त्याच वेळेला. थोडा फरक आला तर नाचू नका, एवढं वरखाली तसंही होतं.

केसांसाठी बायोटिन घेत असाल तर आधी सांगा, काही मशीनवर त्यानं आकडा चुकतो. हाड मोडलं असेल तर आकडे कितीतरी महिने वरच राहतात, किडनीचा त्रास असला तरी वाढतात. व्हिटॅमिन डी कमी आलं म्हणून 60,000 युनिटचं पाकीट रोज फोडणारेही पाहिलेत, ते बहुतेक आठवड्याला एक असतं!

यवतमाळ-चंद्रपूरकडच्या फ्लोराइडवाल्या गावातले असाल तर बोअरचं पाणी पिता हे डॉक्टरला सांगाच. फ्लोरोसिसमध्ये, म्हणजे जास्त फ्लोराइडनं होणाऱ्या आजारात, अल्कलाइन फॉस्फटेज हे रक्तातलं एन्झाइम वाढू शकतं आणि स्कॅनमध्ये हाड घट्ट दिसतं, पण असतं ठिसूळ.