नदीकाठच्या भाजीला खत घालताना पाणी कसं जपावं

गोदावरी, पूर्णा, दुधना, मांजरा, सिंदफणा यांच्या काठच्या पोयट्यात वांगी, मेथी, काकडी, दोडके हमखास येतात. मात्र वाळूमिश्रित गाळात खतातलं नत्र (नायट्रोजन) टिकत नाही. भरपूर पाणी दिलं की नत्र त्याबरोबर खाली झिरपतं आणि काठावरच्या विहिरीत उतरतं. शेतावरची माणसं पितात तेही याच विहिरीचं. म्हणून आधी पाणी बघायचं, मग गोणी फोडायची.

मोटारीचा फुटवॉल (पाणी ओढणाऱ्या पाइपाच्या तोंडाची झडप) जिथे सोडलाय तिथून नदीच्या वरच्या अंगाला एक चक्कर मारा. गावाचा नाला, वस्तीचं सांडपाणी, गुरं धुण्याची जागा कुठे आहे ते पाहा. फुटवॉल नाल्याच्या खाली असेल तर वर न्या. ते जमत नसेल तर त्या पाण्यावर मेथी, कोथिंबीर, पालक, मुळा घेऊ नका. ही भाजी मातीला टेकून वाढते, त्यातली बरीचशी कच्चीच खाल्ली जाते. मांडवावरचे दोडके-कारले घ्या आणि पाणी ठिबकने द्या. उन्हाळ्यात धार आटून नुसते डोह उरतात, तेव्हा तर हे कटाक्षाने पाळा.

आता उकिरडा. काठावर मोकळी जागा दिसते म्हणून शेण तिथेच टाकायची आपली सवय. पावसात त्याचा काळा रस थेट पात्रात उतरतो. वरून धरणाचं पाणी सोडलं तर ढीगच वाहून जातो. ढीग पूररेषेच्या वर, विहिरीपासून लांब लावा. बुडाला तुराट्या-पऱ्हाट्यांचे तुकडे, त्यावर सोयाबीनचं भुसकट आणि पाला, त्यावर शेणकाला, मग मातीचा पातळ थर. असेच थर देत 3 ते 4 फूट उंची करा. मूठभर घेऊन दाबलं की हाताला ओल लागावी, पाणी गळू नये.

चार-पाच दिवसांनी ढिगाच्या मध्यात पहार खुपसा आणि दहा मिनिटांनी ओढून तिला जपून हात लावा. चटका बसला तर काम नीट चाललंय. आत 55 अंशांच्या वर उष्णता काही दिवस टिकली की रोगजंतू आणि तणाचं बी बहुतेक मरतं. पहार गारच निघाली तर ढीग कोरडा आहे किंवा शेण कमी पडलंय. घाण वास येत असेल तर पाणी जास्त झालंय, भुसकट मिसळून पलटी द्या. एरवी दोन-तीन आठवड्यांनी पलटी देताना बाहेरचा माल आत गेला पाहिजे, कारण कडेला उष्णता पोचत नाही. तीन-चार महिन्यांत खत काळं, भुसभुशीत होतं. पलटीला माणूस मिळत नसेल तर 10 × 6 × 3 फुटांची नाडेप टाकी, म्हणजे भोकं ठेवून बांधलेली विटांची खतटाकी, बरी.

कच्चं शेणखत किंवा कोंबडीखत उभ्या भाजीत अजिबात नको. जंतूंचा धोका आहेच, शिवाय कच्च्या शेणखताबरोबर हुमणी ही मुळं खाणारी अळीही शेतात येते. घालायचंच असेल तर तोडणीच्या निदान चार महिने आधी मातीत गाडा.

रासायनिक खत माती तपासूनच द्या. कृषी विज्ञान केंद्रात किंवा परभणीच्या कृषी विद्यापीठात तपासणी होते. युरियाच्या 45 किलोच्या गोणीत सुमारे 20 किलो नत्र असतं, त्यावरून हिशेब लावा आणि तेवढं नत्र तीन-चार हप्त्यांत विभागून द्या. आपली माती चुनखडीची; वर फेकलेल्या युरियातलं बरंच नत्र हवेत उडतं. झाडाभोवती बांगडी पद्धतीने द्या, माती ओढा, हलकं पाणी सोडा. आभाळ भरून आलं असेल तर खत घरातच राहू द्या. स्फुरद (फॉस्फरस) मात्र लागवडीलाच एकदम द्यायचं. ते मातीच्या कणांना चिकटतं आणि माती वाहिली की नदीत जातं, तिथे जलपर्णी पोसतं. त्यासाठी काठालगत 10-15 फूट पट्टा न नांगरता गवताखाली ठेवा. हे कुणाला आवडत नाही, पण पुरात बांध खचायचा वाचतो तोही याच पट्ट्याने. गाळपेरीत, म्हणजे पाणी ओसरल्यावर उघड्या पडलेल्या गाळात घेतलेल्या पिकात, तर खत फक्त आळ्यात आणि बेताचंच, कारण पाणी चढलं की सगळी जमीन बुडते.

ठिबकमधून खत देणाऱ्यांनी एक गोष्ट तपासाच. लाइट गेली की पाइपातलं पाणी मागे विहिरीकडे ओढलं जातं आणि खताचं द्रावणही त्याबरोबर जाऊ शकतं. विहीर आणि खताच्या टाकीच्या मध्ये नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह हवा. लाइट कधीही जाते, तेव्हा खत चालू ठेवून घरी जेवायला जाऊ नका. फवारणीचा पंप नदीत किंवा विहिरीवर धुऊ नका. धुतलेलं पाणी बांधावर ओता.

बाजाराला न्यायची भाजी पिण्यालायक पाण्याने धुवा. विहिरीचं पाणी पावसाळ्याआधी आणि नंतर तपासून घ्या. ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाला विचारलं की नमुना कुठे द्यायचा ते कळतं. खतातलं नत्र पाण्यात नायट्रेटच्या रूपात उतरतं; पिण्याच्या पाण्यात हे नायट्रेट लिटरला 45 मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको. जंतू उकळल्याने मरतात, नायट्रेट जात नाही, उलट पाणी आटून ते दाट होतं. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला ते घातक ठरू शकतं. अहवाल हाती येईपर्यंत बाळाच्या दुधासाठी दुसरीकडचं तपासलेलं पाणी आणा.