अनुदान शेवटी येते: अन्नप्रक्रिया उद्योगांचे प्रस्ताव लिहू इच्छिणाऱ्या नवोदितांसाठी

लहान अन्नप्रक्रिया उद्योगांचे आणि अन्नवाटप करणाऱ्या संस्थांचे निधीसाठीचे प्रस्ताव तयार करणे हे माझे काम आहे. कृषी, अन्नतंत्रज्ञान किंवा समाजकार्य शिकून या क्षेत्रात येणारी तरुण मंडळी बहुधा पहिला प्रश्न हाच विचारतात की, कोणत्या योजनेत किती टक्के अनुदान आहे. टक्केवारी शासन निर्णयात छापलेलीच असते; ते अनुदान कोणत्या टप्प्यावर, कोणामार्फत आणि कोणत्या अटीवर हाती येते, हे ज्याला नीट उमगले त्यालाच हे काम जमते, असे माझे ठाम मत आहे.

महाराष्ट्रात सध्या या कामाचा मोठा भाग प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजनेशी निगडित आहे. २९ जून २०२० रोजी सुरू झालेल्या या योजनेसाठी पाच वर्षांकरिता १०,००० कोटी रुपयांची तरतूद करण्यात आली. खर्चाचा भार केंद्र आणि राज्य ६०:४० या प्रमाणात उचलतात आणि आपल्याकडे अंमलबजावणी कृषी विभाग पाहतो. मुदत पुढे २०२५-२६ पर्यंत वाढवण्यात आली, त्यामुळे अर्ज भरण्यापूर्वी त्या वेळचे परिपत्रक वाचणे आवश्यक ठरते. वैयक्तिक उद्योगाला पात्र प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के, मात्र कमाल १० लाख रुपये अनुदान मिळते आणि उद्योजकाला किमान १० टक्के रक्कम स्वतः उभी करावी लागते. जमिनीची किंमत प्रकल्पखर्चात धरता येत नाही.

आता १० लाखांचा प्रकल्प घेऊ. उद्योजकाचे १ लाख आणि बँकेचे ९ लाख रुपयांचे कर्ज, अशी सुरुवात होते. साडेतीन लाखांचे अनुदान कर्जमंजुरीनंतर येते आणि तेही उद्योजकाच्या हातात न पडता बँकेत वेगळे ठेवले जाते. तेवढ्या रकमेवर व्याज आकारले जात नाही, हा दिलासा आहे. परंतु कर्जाचा शेवटचा हप्ता वितरित झाल्यापासून तीन वर्षांनंतर खाते नियमित आणि उद्योग चालू असेल, तरच ती रक्कम कर्जात वळती होते. म्हणजेच पहिली तीन वर्षे उद्योगाने स्वतःच्या विक्रीवरच तग धरायचा असतो. ज्या प्रकल्प अहवालातील जमाखर्च अनुदान वजा केल्यावर कोलमडतो, तो अहवाल बँकेकडे पाठवूच नये, कारण पुढे हप्ते थकले तर त्याची झळ अर्जदाराच्या घराला बसते.

अहवाल लिहिताना नवोदितांची नजर बहुतेक वेळा यंत्रांवर खिळलेली असते. मसाल्याच्या उद्योगाचा प्रस्ताव असेल तर कांडप यंत्र, भाजणी यंत्र आणि पाकिटे बंद करण्याचे सीलिंग यंत्र यांची कोटेशने व्यवस्थित जोडलेली असतात, पण मिरचीचा हिशेब एका ओळीत आटोपलेला असतो. सुकी मिरची हंगामात एकदम घ्यावी लागते आणि मसाला वर्षभर थोडाथोडा विकला जातो. देठ काढताना, ऊन देताना आणि कांडताना वजनात घट येते, ती वेगळीच. दुकानदाराला दिलेल्या मालाचे पैसे काही आठवड्यांनी येतात, मात्र बँकेचा हप्ता ठरल्या तारखेला जातो. या सगळ्यासाठी लागणारे खेळते भांडवल अहवालात स्वतंत्रपणे आणि महिनावार मांडलेले नसेल, तर अनुभवी शाखाधिकारी नेमके तिथेच बोट ठेवतो, आणि माझ्या मते ते योग्यच आहे. ही आकडेवारी कार्यालयात बसून मिळत नाही. त्यासाठी मसाला करणाऱ्या ताईंच्या शेजारी बसून, त्यांच्या वहीतील गेल्या हंगामाची खरेदी आणि विक्री ओळीने वाचावी लागते. वही नसेल तर आधी तीन महिने वही लिहायला सांगावे आणि अर्ज नंतर करावा.

कागदपत्रांविषयी फार लिहिण्यासारखे नाही. आधार, पॅन, बँक खात्याचे उतारे, जागेचा पुरावा, उद्यम नोंदणी आणि अन्नसुरक्षा नोंदणी या सर्व ठिकाणी नाव आणि पत्ता तंतोतंत सारखा आहे का, हे मात्र अर्ज भरण्यापूर्वीच पाहावे.

या योजनेत जिल्हा संसाधन व्यक्ती, म्हणजे अर्जदाराला प्रस्ताव, कर्ज आणि नोंदण्यांत मदत करणारी व्यक्ती, म्हणूनही काम करता येते. 'एक जिल्हा एक उत्पादन' या सूत्रामुळे जळगावात केळी, कोल्हापुरात गूळ, असा त्या त्या जिल्ह्याचा माल समजून घेण्याची संधी मिळते. मार्गदर्शक सूचनांनुसार मानधन प्रत्येक मंजूर कर्जामागे २०,००० रुपये आहे: निम्मे मंजुरीनंतर आणि निम्मे आवश्यक नोंदण्या, प्रशिक्षण व प्रकल्पाची सुरुवात झाल्यावर. हे मासिक वेतन नव्हे, याची जाणीव ठेवूनच या कामात उतरावे. मानधन शासन देत असल्याने अर्जदाराकडून पैसे मागण्याचा प्रश्नच उद्भवत नाही, आणि हे पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगितले पाहिजे. स्वयंसहायता गटांसाठी प्रति सदस्य ४०,००० रुपयांपर्यंत बीज भांडवलाची स्वतंत्र तरतूद असून ती आपल्याकडे 'उमेद' अभियानामार्फत राबवली जाते; पापड, लोणची, शेवया करणाऱ्या महिलांना थेट मोठ्या कर्जाकडे ढकलण्याऐवजी हा मार्ग आधी दाखवणे मला अधिक उचित वाटते.

समाजात अन्नवाटप करणाऱ्या संस्थांच्या निधीचे गणित निराळे आहे. तेथे कर्ज नसते, विक्री नसते. निधी प्रामुख्याने देणगीतून किंवा कंपन्यांच्या सामाजिक उत्तरदायित्वाच्या (सीएसआर) खर्चातून येतो. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार पात्र कंपन्यांना सरासरी निव्वळ नफ्याच्या २ टक्के रक्कम अशा कामांवर खर्च करावी लागते आणि अनुसूची सातमध्ये भूक व कुपोषण निर्मूलनाचा समावेश आहे. त्यासाठी संस्थेकडे १२ अ आणि ८० जी या आयकर सवलतीच्या नोंदण्या तर हव्यातच, शिवाय एप्रिल २०२१ पासून सीएसआर-१ अर्जाद्वारे नोंदणीही अनिवार्य आहे. उरलेले चांगले अन्न गोळा करून वाटणाऱ्यांना २०१९ चे अतिरिक्त अन्न वितरणाचे विनियमही लागू होतात; त्यानुसार हे अन्न विनामूल्यच द्यावे लागते आणि कोणाकडून काय आणले, किती आणले, कोठे वाटले याची नोंद ठेवावी लागते.

ही नोंदवही अनेक कार्यकर्त्यांना ओझे वाटते, परंतु प्रस्तावाचा सर्वांत भक्कम पुरावा तीच असते. निधी देणारा धान्य, भाजी आणि जेवणाच्या ताटांसाठी सहज तयार होतो. गाडीचे इंधन, चालकाचा पगार, भांडी धुण्याची व्यवस्था आणि शीतपेटी यांवर मात्र त्याची कात्री चालते. अन्न वेळेत आणि सुरक्षित पोहोचते ते याच खर्चामुळे, म्हणून तो 'इतर खर्च' या शीर्षाखाली लपवू नये. कोणत्या मार्गावर गाडी किती वाजता निघाली, अन्न कोठे उतरले आणि उशीर झाल्यामुळे किती अन्न टाकून द्यावे लागले, हे नोंदवहीतून काढून अंदाजपत्रकाला जोडावे आणि प्रत्येक बाब स्वतंत्र ओळीत मागावी.