संसदेकडे याचिका: समितीच्या टेबलापर्यंत पोहोचेल अशी कशी लिहावी

ईपीएस-९५ च्या (कर्मचारी निवृत्तिवेतन योजना, १९९५) निवृत्तिवेतनधारकांच्या मोर्चात एक नाव हमखास ऐकू येते: कोश्यारी समिती. ही सरकारने नेमलेली तज्ज्ञ समिती होती, असा अनेकांचा समज आहे. प्रत्यक्षात ती राज्यसभेची याचिका समिती. भगतसिंह कोश्यारी तेव्हा तिचे अध्यक्ष होते. सभागृहाकडे आलेल्या याचिकेवर तिने २०१३ मध्ये अहवाल दिला आणि किमान निवृत्तिवेतन दरमहा ३,००० रुपये करावे अशी शिफारस केली. सरकारने सप्टेंबर २०१४ पासून १,००० रुपये लागू केले. याच समितीने डिसेंबर २०११ मध्ये माजी सैनिकांच्या वन रँक वन पेन्शनच्या (समान हुद्दा, समान सेवाकाळ असेल तर समान निवृत्तिवेतन) याचिकेवरही अहवाल दिला होता. त्या मागणीचा सरकारी आदेश नोव्हेंबर २०१५ मध्ये निघाला.

याचिकेकडून काय अपेक्षा ठेवायची, हे या दोन उदाहरणांवरून कळते. समिती आदेश काढत नाही. मात्र ती मंत्रालयाकडून लेखी उत्तर मागवते, सचिव दर्जाच्या अधिकाऱ्यांना समोर बसवून साक्ष घेते आणि निष्कर्ष सभागृहापुढे ठेवते. एरवी ‘प्रकरण विचाराधीन आहे’ या एका ओळीत गुंडाळला जाणारा विषय त्यामुळे नोंदीवर येतो. अहवाल म्हणजे सरकारचे धोरण नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२२ मध्ये वन रँक वन पेन्शनच्याच निकालात स्पष्ट केले. दुसरीकडे, संसदीय समितीचा अहवाल न्यायालयापुढे ठेवता येतो, मात्र त्याच्या वैधतेला तिथे आव्हान देता येत नाही, असे घटनापीठाने मे २०१८ मध्ये म्हटले आहे. म्हणजे उद्या कोर्टात जायची वेळ आली, तरी आजची याचिका वाया जात नाही.

आधी ठरवा: हा विषय संसदेचा आहे का?

बहुतेक याचिका समितीपर्यंत पोहोचतच नाहीत, त्या दारातच अडतात. लोकसभेच्या कामकाज नियमांतील नियम १६० नुसार याचिका तीन प्रकारच्या विषयांवर करता येते: प्रसिद्ध झालेले किंवा मांडलेले विधेयक, सभागृहापुढे प्रलंबित असलेले कामकाज, आणि सर्वसाधारण सार्वजनिक हिताचा विषय. तिसरा प्रकार आपल्या कामाचा, आणि अटीही त्यालाच आहेत. विषय न्यायालय, न्यायाधिकरण किंवा आयोगाच्या कक्षेतला नसावा. तो विधानसभेत मांडण्याजोगा नसावा. ठराव किंवा प्रस्तावाच्या मार्गाने मांडता येण्याजोगा नसावा. आणि त्यावर कायद्यात किंवा नियमांत आधीच उपाय उपलब्ध नसावा. राज्यसभेच्या अटीही जवळपास अशाच आहेत. तिथे विषय मुख्यतः केंद्र सरकारच्या अखत्यारीतला असावा लागतो.

सर्वांत जास्त बळी घेते ती ‘आधीच उपाय उपलब्ध नसावा’ ही अट. समजा, केंद्राच्या शिष्यवृत्तीचे पैसे विद्यार्थ्यांच्या खात्यात वर्षभर उशिरा जमा होतात. ‘आमच्या महाविद्यालयातील मुलांची रक्कम अडकली आहे, ती द्यावी’ असे लिहिले की ती तक्रार झाली. तिच्यासाठी सीपीग्राम्स हे केंद्र सरकारचे ऑनलाइन तक्रार पोर्टल आहे, संबंधित विभाग आहे. सभागृहाचे सचिवालय तुम्हाला तिकडचा रस्ता दाखवणार. तोच विषय ‘योजनेच्या मार्गदर्शक सूचनांत रक्कम जमा करण्याची कमाल मुदतच नाही, त्यामुळे उशिराची जबाबदारी कोणावरच येत नाही’ असा मांडला, तर तो धोरणातला दोष ठरतो आणि त्यावर दाद मागायला दुसरे दार नसते. तुमच्या महाविद्यालयाची आकडेवारी तिथे दोषाचा पुरावा म्हणून येते, मागणी म्हणून नाही.

पोलीस, जमिनीचे अभिलेख, नगरपालिका, राज्याचे रस्ते हे विषय दिल्लीला पाठवू नका. त्यांच्यासाठी विधिमंडळाची विनंती अर्ज समिती आहे. केंद्र आणि राज्य मिळून चालवतात अशा योजनांत केंद्राने आखलेले नियम, केंद्राचा हिस्सा आणि केंद्राची देखरेख एवढ्यावरच बोट ठेवा.

कोणाची अटक, बेदखली किंवा उपचार नाकारणे असा तातडीचा प्रश्न असेल, तर याचिका समितीची वाट अजिबात धरू नये. राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयात जावे. समितीचे काम महिन्यांच्या, कधी वर्षांच्या हिशेबाने चालते. विषय एकदा न्यायप्रविष्ट झाला की समितीचा दरवाजा बहुधा बंद होतो, म्हणून दोन्ही वाटा वापरायच्या असतील तर क्रम आधी ठरवून घ्या.

माहिती आधी, मसुदा नंतर

याचिकेला पत्रे, शपथपत्रे, कात्रणे किंवा कोणतीही कागदपत्रे जोडायची नाहीत, असा नियम १६३ आहे. लोक नेमके इथेच चुकतात: दोन पानांची याचिका आणि मागे दोनशे पानांचे बाड. जोडपत्र चालत नसल्यामुळे वजनदार आकडे आणि तारखा मजकुरातच यायला हव्यात. मूळ कागद क्रमांक घालून स्वतःच्या फाइलीत ठेवा. समितीने साक्षीला बोलावले किंवा माहिती मागवली की ते लागतात.

हे आकडे मिळवण्याचा स्वस्त मार्ग म्हणजे माहितीचा अधिकार. केंद्रीय कार्यालयासाठी शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. ‘उशीर का झाला?’ असे विचारू नका. कारणे विचारली की ‘हे कायद्यातील माहितीच्या व्याख्येत बसत नाही’ असे उत्तर येते. असे विचारा: गेल्या तीन आर्थिक वर्षांत किती अर्ज मंजूर झाले, त्यांपैकी किती जणांना रक्कम सहा महिन्यांनंतर मिळाली, मुदत ठरवणाऱ्या परिपत्रकाची प्रत द्या. असे परिपत्रक उपलब्ध नाही, असे लेखी उत्तर आले तर तोच तुमच्या याचिकेचा कणा.

याच काळात सीपीग्राम्सवर तक्रार नोंदवून तिचे उत्तरही हाताशी ठेवावे. २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार तिथे निपटाऱ्याची मुदत २१ दिवस आहे. उपलब्ध उपाय करून पाहिला आणि तो तोकडा पडला, हे दाखवता आले तर ‘दुसरा उपाय आहे’ हा आक्षेप बराच सैल होतो.

मसुदा

याचिका सभागृहाला उद्देशून असते, मंत्र्याला किंवा पंतप्रधानांना नाही. नमुना नियमांच्या पहिल्या अनुसूचीत दिलेला आहे. साचा साधारण असा:

लोकसभेस,
(नाव किंवा संस्था, ठिकाण) यांची नम्र याचिका.
याचिकाकर्ते सादर करतात की (वस्तुस्थिती, परिच्छेदांना क्रमांक देऊन).
म्हणून याचिकाकर्त्यांची प्रार्थना आहे की (नेमकी मागणी).
प्रत्येक सही करणाऱ्याचे पूर्ण नाव, पत्ता, सही किंवा अंगठा.
सादर करणाऱ्या सदस्याची प्रतिस्वाक्षरी.

पान-दीड पानाचा मजकूर पुरतो. पहिल्या परिच्छेदात कोणता कायदा, नियम किंवा योजना ते लिहा. दुसऱ्यात दोष कुठे आहे आणि तो कोणत्या तारखेपासून आहे. तिसऱ्यात त्याचा फटका किती जणांना बसतो आणि आकडा कुठून आला. चौथ्यात काय करून पाहिले आणि काय उत्तर मिळाले. अधिकाराचा आधार एका वाक्यात द्यावा: अनुच्छेद १४, १९, २१, २१क किंवा संबंधित कायद्याचे कलम, जे खरोखर लागू पडते ते. घटनेची पाच-सहा कलमे ओळीने लिहिली की वाचणाऱ्याला कळते की नेमके कोणते मोडले ते लिहिणाऱ्यालाच ठाऊक नाही.

खरी मेहनत प्रार्थनेवर करा. नियम १६५ नुसार याचिकेचा शेवट निश्चित मागणीनेच व्हायला हवा. ‘विद्यार्थ्यांना न्याय मिळावा’ या मागणीला मंत्रालय ‘सरकार कटिबद्ध आहे’ असे उत्तर देऊन मोकळे होते. याउलट हे पाहा: (१) मंजुरीपासून रक्कम जमा होईपर्यंतची कमाल मुदत मार्गदर्शक सूचनांत घालावी, (२) मुदत चुकल्यास जबाबदार अधिकारी कोण, ते त्यातच ठरवावे, (३) प्रलंबित अर्जांची राज्यनिहाय संख्या दर तीन महिन्यांनी प्रसिद्ध करावी. या प्रत्येकाला ‘हो’, ‘नाही’ किंवा ‘अमुक कारणाने नाही’ एवढेच उत्तर देता येते. मागण्या दोन किंवा तीन पुरेत. दहा केल्या तर सोप्या दोन मान्य होतात आणि उरलेल्या आठांची चर्चाच होत नाही.

भाषा आदरयुक्त आणि संयत असावी, असे नियमच सांगतात. ‘भ्रष्ट’, ‘झोपलेले प्रशासन’ असले शब्द याचिका नाकारायला आयते कारण देतात. व्यक्तीवर आरोप नकोत, पद्धतीतला दोष दाखवा.

याचिका हिंदी किंवा इंग्रजीत असावी लागते. मूळ मराठीत लिहिता येते, पण सोबत हिंदी किंवा इंग्रजी भाषांतर हवे आणि त्यावरही याचिकाकर्त्याची सही हवी. भाषांतरावरची सही राहून जाणे ही अगदी नेहमीची चूक.

सह्या किती?

एकही पुरते. ब्रिटनच्या संसदेच्या ई-याचिकांत १०,००० सह्यांवर सरकारी उत्तर आणि १,००,००० वर चर्चेचा विचार असे टप्पे आहेत. आपल्याकडे असा कोणताही आकडा नाही. खाजगी संकेतस्थळावर जमवलेल्या लाखभर ऑनलाइन सह्यांना नियमांच्या दृष्टीने याचिकेचा दर्जा नाही, कारण त्यांत पूर्ण नाव, पत्ता आणि सही या तीन गोष्टी एकत्र नसतात. वीस-पंचवीस वाचता येतील अशा सह्या, त्याही वेगवेगळ्या जिल्ह्यांतून, असल्या तर प्रश्न एका गावाचा नाही हे आपोआप दिसते. सह्यांच्या प्रत्येक पानावर याचिकेचा विषय आणि प्रार्थना छापा. कोऱ्या कागदावरच्या सह्या कशासाठी घेतल्या, हे नंतर सिद्ध करता येत नाही.

खासदार की थेट टपाल

दोन्ही चालते. खासदारामार्फत दिली तर त्याची प्रतिस्वाक्षरी लागते आणि तो आधी महासचिवांना सूचना देऊन सभागृहात ती सादर करतो. सादर करताना भाषण करता येत नाही. किती जणांची, कशाबद्दलची याचिका एवढेच वाक्य. चर्चा होत नाही म्हणून निराश होऊ नका, काम पुढे समितीत होते. थेट पाठवायची तर महासचिव, लोकसभा (किंवा राज्यसभा), संसद भवन, नवी दिल्ली ११०००१ या पत्त्यावर स्पीड पोस्टने पाठवा आणि पोच जपून ठेवा.

खासदार आपल्याच मतदारसंघाचा हवा असे नाही. आमच्या मते, त्या विषयावर आधी प्रश्न विचारलेला सदस्य शोधावा, मग पक्ष कोणताही असो. दोन्ही सभागृहांच्या संकेतस्थळांवर प्रश्नोत्तरे विषयानुसार शोधता येतात. अशा सदस्याला पान-दीड पानाचा मसुदा दाखवला की तो वाचतो. सोबत अतारांकित (म्हणजे लेखी उत्तराच्या) प्रश्नाचा मसुदाही द्या, म्हणजे याचिका पुढे सरकण्याआधीच सरकारचे एक लेखी उत्तर हाती येते.

सभागृह निवडताना दिनदर्शिका पाहावी. लोकसभा विसर्जित झाली की तिच्या समितीपुढील प्रलंबित याचिका व्यपगत होतात, म्हणजे आपोआप संपुष्टात येतात. राज्यसभा विसर्जित होत नाही. निवडणूक वर्ष-दीड वर्षावर आली असेल तर राज्यसभा बरी.

याचिकेच्या नियमांत न बसणारी निवेदनेही लोकसभेची समिती विचारात घेते. त्याची तरतूद अध्यक्षांच्या निर्देशांत आहे. पण निनावी पत्रे, पत्ता नसलेली पत्रे आणि दुसऱ्याच कार्यालयाला लिहिलेल्या पत्राच्या ‘माहितीसाठी प्रत’ थेट फाइलबंद होतात. बारा ठिकाणी एकच पत्र पाठवायची सवय इथे अंगाशी येते.

दाखल झाल्यावर

लोकसभेच्या समितीत किमान १५ सदस्य असतात, राज्यसभेच्या समितीत १०. लोकसभेच्या समितीवर मंत्री नसतो. याचिका समितीकडे गेली की मंत्रालयाचे म्हणणे मागवले जाते, मग गरजेप्रमाणे साक्षी होतात. राज्यसभेची समिती अनेकदा जाहिरात देऊन इतरांकडूनही निवेदने मागवते. त्या वेळी तुमच्यासारखाच फटका बसलेल्या इतर जिल्ह्यांतील लोकांनी स्वतःच्या आकड्यांसह, वेगळ्या शब्दांत लिहावे. एकाच मजकुराच्या छापील प्रती समितीला काहीच नवे सांगत नाहीत.

साक्षीला बोलावणे आले तर तीन मागण्या तीन मिनिटांत सांगता याव्यात. समितीला दिलेले निवेदन आणि तिथली साक्ष, अहवाल सभागृहात मांडला जाईपर्यंत गोपनीय धरावी. ती वृत्तपत्राला देणे किंवा समाजमाध्यमांवर टाकणे संसदेच्या विशेषाधिकाराचा भंग ठरू शकते. या काळातले कागद माहितीच्या अधिकारातही मिळतील असे नाही, कारण कलम ८(१)(ग) मध्ये संसदेच्या विशेषाधिकाराचा अपवाद आहे.

अहवाल आल्यावर सरकारने कोणती शिफारस मानली, हे कृती-अहवालात दिसते. लोकसभेच्या समित्या तो प्रकरणांत विभागतात: सरकारने मान्य केलेल्या शिफारशी, उत्तर पाहून समितीने सोडून दिलेल्या, उत्तर न पटल्याने पुन्हा आग्रह धरलेल्या आणि अंतिम उत्तर न आलेल्या. मान्य केलेल्यांबाबत परिपत्रक खरोखर निघाले का, हे माहितीच्या अधिकारात विचारा. शेवटच्या दोन प्रकरणांतला प्रत्येक परिच्छेद अतारांकित प्रश्नाच्या रूपात खासदाराकडे द्या. अशा प्रश्नाला किमान १५ दिवस आधीची सूचना लागते, म्हणून अधिवेशनाच्या तारखा जाहीर होताच मसुदा त्याच्या हाती असावा.