आतल्या कोचला बढती द्यायची तर आधी हेडसेट द्या

ओहायोतल्या एका लहान कॉलेजात मी फुटबॉल टीमचं कामकाज बघतो. फुटबॉल म्हणजे अमेरिकन, हेल्मेटवालं. काही वर्षांपूर्वी आमचा ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर, म्हणजे आक्रमणाच्या चाली ठरवणारा कोच, डिसेंबरात अचानक दुसरीकडे गेला आणि दोन दिवसांत आम्ही रिसीव्हर्सच्या, म्हणजे पास झेलणाऱ्या खेळाडूंच्या, कोचला त्याच्या जागी बसवलं. आठ वर्षं राबलेला माणूस, पोरांचा जीव होता त्याच्यावर. कोणी हरकत घेतली नाही, मीही नाही. ऑक्टोबरपर्यंत कळून चुकलं, की कोऑर्डिनेटर तर मिळाला नाहीच, हाताशी होता तो उत्तम रिसीव्हर्स कोचही गेला.

म्हणून सांगतो, जुन्या कामाचं बक्षीस म्हणून नवं काम देऊ नका. रिसीव्हर्सचा कोच मूठभर पोरांचे पाय, हात, नजर घडवतो. कोऑर्डिनेटरपुढे 40 सेकंदांचं घड्याळ पळत असतं. तेवढ्यात समोरचा डिफेन्स ओळखायचा, प्ले, म्हणजे आखलेली चाल, निवडायचा, खुणेने मैदानात पोचवायचा, आणि मागचा फसला असेल तर तो डोक्यातून काढून टाकायचा.

जागा रिकामी व्हायची वाट बघू नका. एप्रिलातल्या स्प्रिंग गेमला, म्हणजे आपसातल्या सराव सामन्याला, टीमचे दोन भाग करा, सामन्यात कोच एकमेकांशी बोलतात तो हेडसेट बढतीसाठी मनात असलेल्या कोचला द्या आणि एका भागाचे सगळे प्ले त्यालाच ठरवू द्या. हेड कोचने मध्ये तोंड घालायचं नाही, हे आधीच ठरवून टाका. सगळ्यात अवघड तेच जातं. दुसऱ्या दिवशी फिल्म लावून फक्त थर्ड डाउन, म्हणजे दहा यार्ड गाठायला मिळणाऱ्या चार प्रयत्नांतला तिसरा, बघा. दर वेळी विचारा, हाच प्ले का? ‘तसं वाटलं’ हे उत्तर तीनदा आलं, तर अजून एक वर्ष थांबा.

ओहायो स्टेट विद्यापीठाच्या टीममध्ये अशी परीक्षा आपसूक झाली. 2018 मध्ये हेड कोच अर्बन मायर निलंबित असताना त्यांचे सहायक रायन डे यांनी पहिले तीन सामने सांभाळले आणि तिन्ही जिंकले. त्या हंगामानंतर मायर निवृत्त झाले, तेव्हा त्यांच्या जागी बसवायचा माणूस पारखलेला होता. क्लेम्सन विद्यापीठाचे डॅबो स्विनी तर कधी ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटरही नव्हते, रिसीव्हर्सचेच कोच. ऑक्टोबर 2008 मध्ये त्यांच्याकडे हेड कोचची तात्पुरती सूत्रं दिली, उरलेले सामने बघितले आणि मगच कायम केलं. पुढे त्यांनी दोन राष्ट्रीय विजेतेपदं आणली.

मात्र खुर्ची आगाऊ कुणाच्या नावावर करू नका. टेक्सास विद्यापीठाने 2008 मध्ये आपले डिफेन्सचे कोऑर्डिनेटर विल मस्चॅम्प यांना भावी हेड कोच म्हणून जाहीर केलं. डिसेंबर 2010 मध्ये ते फ्लोरिडा विद्यापीठाचे हेड कोच होऊन निघून गेले.

बढती ठरली की त्याच आठवड्यात त्याची जुनी जागा भरा, नाहीतर तो दोन्ही कामं ओढत बसतो. आणि जाहीर करायच्या आधी, ज्याला बढती मिळाली नाही त्या दुसऱ्या कोचला हेड कोचने स्वतः भेटावं. फोनवर नाही, समोर बसून. का नाही मिळाली ते स्पष्ट सांगावं, आणि पुढच्या स्प्रिंग गेमला हेडसेट त्याच्याकडे असेल, हेही.