पुस्तकं घेण्याआधी ‘नाही’ वही उघडा: वाचनालयाच्या ग्रंथखरेदीत या चुका टाळा

फेब्रुवारी संपत आला की माझा फोन वाजायला लागतो. पलीकडे एखादा नवा ग्रंथपाल असतो, कधी धरणगावकडचा, कधी शिरपूरकडचा. बोलणं ठरलेलं: “सर, अनुदानाचा हप्ता आलाय, मार्चअखेर खर्च दाखवायचाय. तुमची खरेदीची यादी पाठवता का?” पूर्वी पाठवायचो. आता उलट विचारतो, “गेल्या सहा महिन्यांत तुझ्या टेबलावरून रिकाम्या हातानं कोण परत गेलं?” पलीकडे शांतता. मग, “ते बघू सर नंतर, आधी यादी…”

तालुक्याच्या गावच्या वाचनालयात माझी सव्वीस वर्षं गेली. एवढ्या वर्षांत चुका बदलल्या नाहीत, फक्त करणारे बदलले. १९६७ च्या ग्रंथालय अधिनियमाखाली आपल्याकडे अ, ब, क, ड वर्गांची वाचनालयं चालतात. शासन वर्गाप्रमाणे अनुदान देतं, शासनमान्य ग्रंथांची यादी काढतं. कोलकात्याचं राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठान आपल्या योजनांतून पुस्तकं पुरवतं. एवढं असूनही स्वतःच्या अकलेनं निवडायला जागा उरतेच, आणि गोंधळ नेमका तिथे होतो.

कमिशन बघून गठ्ठा उचलणं

ही माझी सगळ्यात नावडती चूक, कारण ती मी स्वतः केलेली आहे. २००९ चा मार्च. दुपारी दारात एक गाडी उभी राहिली, मागे पुस्तकंच पुस्तकं. विक्रेता गोडबोल्या. पन्नास टक्के कमिशन, म्हणजे छापील किमतीवर सूट, बिल तुम्हाला हवं तसं, शिवाय पोहोच मोफत. आमचे अध्यक्ष, त्यांना सगळे नाना म्हणत, खूश झाले. “अरे, तेवढ्याच पैशात दुप्पट पुस्तकं! संख्या वाढली की वर्गही वाढेल.” वर्ग ठरवताना ग्रंथसंख्या बघतात हे खरं, त्यामुळे मला तोंड उघडता येईना. खरं सांगायचं तर मलाही मोह झाला होता. तीनशे चाळीस पुस्तकं उतरवून घेतली.

एप्रिल सगळा दाखल करण्यात गेला. शिक्के मारा, नोंदवहीत क्रमांक टाका, पुस्तक नेल्याची तारीख टाकायच्या चिठ्ठ्या चिकटवा. चिठ्ठ्या चिकटवताना पुस्तकं हातात आली तेव्हा कळलं काय घेतलंय. शंभर पानांचं पुस्तक, अक्षरं लाडवाएवढी, किंमत अडीचशे रुपये. ‘थोर शास्त्रज्ञ’ छापाची सात पुस्तकं निघाली, आणि सातहीमध्ये एडिसनवरचा परिच्छेद शब्दाला शब्द तोच. पाककृतीचं एक पुस्तक असं, की त्यात कळण्याच्या भाकरीचं नावही नाही. ते खानदेशात कोण नेणार?

पाच वर्षांनी एका रविवारी बसून त्या सगळ्या चिठ्ठ्या तपासल्या. तीनशे चाळीसपैकी दोनशे एकाहत्तर कोऱ्या. एकही तारीख नाही. दरम्यान ती ठेवायला जागा पुरेना म्हणून लोखंडी कपाट घेतलं होतं, ते मात्र पूर्ण किमतीला.

झोंबलं ते वेगळंच. त्याच मार्चमध्ये तापीकाठचा एक शेतकरी येऊन गेला होता. “केयीनं पुस्तक शे का भाऊ?” केळीवरच्या करप्याबद्दल त्याला वाचायचं होतं. आमच्याकडे होतं ते टिश्यू कल्चरची रोपं यायच्या आधीचं. नवं मागवायला पैसे नाहीत, असं मीच त्याला सांगितलं होतं.

तेव्हापासून माझी सवय: गाडीतून काही घ्यायचं नाही. यादी ज्या दिवशी बघितली त्या दिवशी ऑर्डर द्यायची नाही. पुस्तक हातात आल्याशिवाय घ्यायचं नाही, आणि हातात आलं की मधलं एखादं पान उभ्याउभ्या वाचायचं. शास्त्र म्हणाल तर यात काही नाही, पण पहिलं पान सगळेच नीट लिहितात, मधलं पान खोटं बोलत नाही. हप्ता उशिरा येतो ही तक्रार खरी आहे, पण म्हणून निवडही उशिरा करायला कोणी सांगितलं? यादी वर्षभर तयार होत राहिली तर पैसे २५ मार्चला आले तरी घाई होत नाही.

‘नाही’ वही न ठेवणं

ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांची १९३१ ची पाच सूत्रं ग्रंथपालनाच्या परीक्षेत सगळे घडाघडा लिहून येतात. ‘प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ’ हे त्यातलं दुसरं. पण वाचकाला त्याचा ग्रंथ मिळाला नाही, हे लिहून ठेवायची जागा कुठल्याच नोंदवहीत नाही. संगणकात ई-ग्रंथालय ही वाचनालयांची प्रणाली घातलीत तरी ते तुम्हाला काय गेलं, कधी परत आलं एवढंच सांगेल. दारातून ‘नाही’ ऐकून गेलेला माणूस त्यात सापडत नाही.

म्हणून देवघेवीच्या टेबलावर शंभर पानी साधी वही ठेवा. तारीख, काय मागितलं ते त्याच्याच शब्दांत, आणि बदल्यात काय दिलं. बस. ‘केयीनं पुस्तक’ म्हणाला तर तसंच लिहा, ‘फलोत्पादन’ लिहू नका, पुढच्या खेपेला तुम्हालाच कळणार नाही. आणि मागणाऱ्याचं नाव लिहायचं नाही. नाव लिहिलंत तर मधुमेहाचं किंवा घटस्फोटाच्या कायद्याचं पुस्तक मागणारा माणूस पुन्हा तोंड दाखवणार नाही. एकच मागणी तीनदा आली की मी पुस्तक शोधायला लागतो. तीनच का, याला उत्तर नाही. दोनदा योगायोग वाटतो, चौथ्यापर्यंत माणूस थांबत नाही.

या वहीचंही एक लंगडेपण आहे. जे येतच नाहीत त्यांची मागणी तिच्यात उमटत नाही. आमच्याकडे दुपारी बायका येत नव्हत्या, तर वहीवरून असं वाटे की गावातल्या बायकांना काही वाचायचंच नाही. वेळ बदलून सकाळी नऊ ते अकरा केली, तेव्हा दोन महिन्यांत वहीचा सूरच पालटला. वर्षातून दोनदा मी आश्रमशाळेच्या वसतिगृहात आणि एसटी स्टँडवर नुसता जाऊन बसतो. सातपुड्याच्या पायथ्याकडच्या वाचनालयांना तर याशिवाय गत्यंतरच नाही. ज्या पोराच्या घरी पावरी किंवा भिली बोलतात, त्याला काय वाचायला आवडेल हे जळगावच्या दुकानात बसून कळत नाही.

देणगी म्हणून येईल ते घेणं

कोणी वारलं की पंधराव्या दिवशी मुलगा येतो. “आप्पांची पुस्तकं वाचनालयाला द्यायचीत.” भावना खरी असते, आणि घर रिकामं करायची घाईही खरी असते. एकदा अकरा पोती आली. अट अशी, की आप्पांच्या नावाचं वेगळं कपाट हवं आणि एकही पुस्तक बाजूला काढायचं नाही. कार्यकारी मंडळानं हार घालून स्वीकारली, फोटो छापून आला. पोती सरळ कादंबऱ्यांच्या कपाटाशेजारी रचली.

निम्म्याहून जास्त म्हणजे जुनी गाइडं, बँकेच्या डायऱ्या, मासिकांचे सुटे अंक. आणि कसर, म्हणजे पुस्तकं खाणारी कीड. पावसाळा संपेपर्यंत ती शेजारच्या कपाटात शिरली आणि जुन्या कादंबऱ्यांच्या चांगल्या बांधणीची चाळण झाली. मी इतका वैतागलो की उरलेली पोती रद्दीत घालायला निघालो होतो. शेवटच्या पोत्यात एक हातानं लिहिलेली वही निघाली, लग्नातली अहिराणी गाणी, कुणा बाईच्या अक्षरात. म्हणजे न बघता घेणं जसं चूक तसं न बघता फेकणंही.

आता आमच्याकडे देणगीचा छापील कागद आहे. त्यावर लिहिलंय की पुस्तक ठेवायचं, दुसऱ्या वाचनालयाला द्यायचं की काढून टाकायचं हे वाचनालय ठरवेल. सही झाली तरच पोतं आत. काही लोक रागावून परत नेतात, नेऊ द्यात. आत आलेली पुस्तकं महिनाभर वेगळ्या खोलीत पांढऱ्या कागदावर उभी ठेवतो. कागदावर भुकटी पडली तर आत जिवंत कीड आहे. उन्हात वाळवत बसू नका. आपल्याकडच्या मे महिन्याच्या उन्हात कागद पापडासारखा होतो. हस्तलिखित सापडलं तर स्वतःच्या कपाटात मिरवत ठेवू नका. धुळ्याला राजवाडे संशोधन मंडळ १९२७ पासून हेच काम करतंय, तिथे दाखवा.

आवृत्ती न बघता स्पर्धा परीक्षेची पुस्तकं

अभ्यासिका सुरू केली की या पुस्तकांचा ढीग लागतो आणि तो सगळ्यात लवकर शिळा होतो. मागच्या वर्षी एका वाचनालयात गेलो, तिथल्या पुस्तकात महाराष्ट्रात ३५ जिल्हे. पालघर २०१४ ला झाला! दंडविधानाची पुस्तकं तर १ जुलै २०२४ ला भारतीय न्याय संहिता लागू झाली तेव्हाच जुनी झाली, तरी पोलीस भरतीची पोरं तीच घोकताना दिसतात. राज्यसेवेची मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली, म्हणजे मुख्य परीक्षेच्या बहुपर्यायी प्रश्नसंचांची आख्खी रांग उठवायला हवी. मुखपृष्ठावर जाऊ नका, आतल्या पानावर आवृत्ती आणि पुनर्मुद्रण यातला फरक बघा. पुनर्मुद्रण म्हणजे जुनाच मजकूर नव्या कागदावर. आणि एकाच पुस्तकाच्या दहा प्रती घेऊ नका. दोन घ्या, अभ्यासिकेबाहेर नेऊ देऊ नका.

स्वतःची आवड गावावर लादणं

समितीत चार निवृत्त शिक्षक असले की ऐतिहासिक कादंबऱ्यांना तोटा नाही. उपाय सोपा आहे: समितीत एक कॉलेजातली मुलगी, एक शेतकरी. पहिल्या दोन बैठकांत ते बोलत नाहीत, तिसऱ्या बैठकीत शिक्षक गप्प बसतात.

जवळचं सोडून लांबचं घेणं

पुण्या-मुंबईचं पुस्तक पुढच्या वर्षीही मिळेल. चोपड्यातल्या माणसानं स्वखर्चानं काढलेला अहिराणी म्हणींचा संग्रह पुढच्या वर्षी मिळणार नाही, बहुतेक वेळा तो दुकानात येतच नाही. स्थानिक छपाईच्या मी दोन प्रती घेतो, एक देवघेवीला, एक कधीच बाहेर न देण्यासाठी. नंदुरबार जिल्हा १९९८ ला वेगळा झाला, त्याच्या आधीची धुळे जिल्ह्याची माहितीपुस्तकंही म्हणूनच काढून टाकत नाही. ती जुनी झाली तरी शिळी होत नाहीत. याचा अर्थ गावातल्या प्रत्येक कवीच्या पंचवीस प्रती घ्या असा नाही. कवी समितीवर असला तरी दोनच.

काहीच न काढणं

‘संख्या कमी झाली तर वर्ग जाईल’ ही भीती मला कळते. पण फाटकी, चुकीची, कोणी न हात लावलेली पुस्तकं पुढे ठेवली की मागची चांगली दिसत नाहीत. ठराव करा, नोंदवहीत शेरा मारा, नियमाप्रमाणे बाद करा, आणि बाद करण्याआधी तेवढीच नवी दाखल करा म्हणजे संख्येचा प्रश्न येत नाही. सगळं जपायची जबाबदारी आपल्यावर नाहीच. १९५४ च्या कायद्यानं प्रकाशकांना पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि आणखी तीन ग्रंथालयांना पाठवावी लागते, ती त्यासाठीच.

किरकोळ म्हणाव्यात अशा आणखी काही. संचातला दुसरा खंड नसेल तर पहिला घेऊ नका. मुलांची चित्रांची पुस्तकं फाटतात म्हणून घेणं बंद करू नका. फाटली म्हणजे हाताळली गेली, कोरी राहिलेलीची काळजी करा. कोणी सभासद ‘हे पुस्तक काढा’ म्हणत आला तर तोंडी वाद घालू नका, लेखी अर्ज मागा. दहातले आठ अर्ज लिहीत नाहीत.

आणि म्हाताऱ्या वाचकांसाठी अक्षराचा आकार बघा. पोथ्यांमध्ये ठळक टाइप सहज मिळतो, कादंबऱ्यांत मिळत नाही. एकाच कादंबरीच्या दोन छपाया दुकानात असतील तर मी जाड आणि जड असलेली घेतो, तीत बहुधा अक्षर मोठं असतं. शिवाय टेबलावर एक भिंग दोरीनं बांधून ठेवलंय. पहिलं भिंग आठ दिवसांत गेलं, म्हणून दोरी.