परिवीक्षेची मुदत किंवा अट जाचक असेल तर: अपील की कलम ८?

दोषी ठरलेल्याला शिक्षेऐवजी चांगल्या वागणुकीच्या लेखी हमीवर, म्हणजे बंधपत्रावर, सोडणे ही परिवीक्षा. तुरुंग टळला या आनंदात त्या बंधपत्रावर न वाचताच सही होते. अट काचायला लागते ती पुढे काही महिन्यांनी, आणि तोवर अपिलाची मुदत संपलेली असते. म्हणून आदेश झाला त्याच दिवशी तो अपराधी परिवीक्षा अधिनियम, १९५८ च्या कलम ४ शी ताडून पाहा.

बंधपत्र ३ वर्षांपेक्षा जास्त मुदतीचे असू शकत नाही. परिवीक्षा अधिकाऱ्याची देखरेख लावली असेल तर ती किमान १ वर्षाची असते. त्याहून कमी मागू नका, मिळणार नाही. जादा अट मात्र गुन्हा पुन्हा घडू नये एवढ्याच हेतूने घालता येते, आणि अपिलात बळ असते ते इथेच. दारू पिऊन मारामारी करणाऱ्याला दारूबंदीची अट घातली तर ती टिकते. ऊसतोडीला जाणाऱ्या माणसाला मात्र ‘तालुका सोडायचा नाही’ असे बजावले, आणि गुन्ह्याचा त्याच्या बाहेर जाण्याशी काही संबंध नसला, तर ती अट फक्त त्याची रोजी बुडवते. ‘अट कडक आहे’ एवढेच लिहून भागत नाही. मुकादमाकडून घेतलेल्या उचलीचा कागद, कामाचे ठिकाण, हंगामाचे महिने हे सारे प्रतिज्ञापत्रासह जोडा.

कलम ११ प्रमाणे न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशावर सत्र न्यायालयात ३० दिवसांत अपील करायचे. आदेश सत्र न्यायालयाचाच असेल तर उच्च न्यायालयात, ६० दिवसांत. प्रमाणित नक्कल मिळायला लागणारा काळ या मुदतीतून वजा होतो, पण अर्ज केल्यापासूनचाच. त्यामुळे नकलेचा अर्ज लगेच टाका आणि तारखेची पोच जपून ठेवा. उशीर झालाच तर विलंब माफीचा अर्ज सोबत द्या आणि उशिराचे कारण तारखांसह लिहा.

आता धोका. अपील न्यायालय परिवीक्षेचा आदेश रद्द करून थेट शिक्षाही देऊ शकते. मूळ न्यायालयाला जेवढी देता आली असती त्याहून जास्त नाही, एवढेच संरक्षण. पक्षकाराला हे आधी स्पष्ट सांगायलाच हवे. दोषसिद्धीलाच आव्हान द्यायचे असेल तर अपिलाला पर्याय नाही. तक्रार केवळ एका अटीची असेल तर कलम ८ चा रस्ता सुरक्षित. बंधपत्र चालू असताना मूळ न्यायालय त्याची मुदत किंवा अटी बदलू शकते. मात्र कायद्यात हा अर्ज परिवीक्षा अधिकाऱ्याने करायचा आहे, म्हणून अडचण कागदपत्रांसह लेखी त्यांच्याकडेच द्या. वागणूक चांगली राहिली आणि पुढे देखरेखीची गरज उरली नाही, तर त्यांच्याच अर्जावर मुदतीआधी मुक्तताही मिळते.

हेच कलम उलटही वापरले जाते. मुदत वाढवताना ३ वर्षे मूळ आदेशाच्या तारखेपासून मोजायची, वाढीच्या तारखेपासून नाही. गुन्हेगाराचे आणि जामीनदारांचे म्हणणे न ऐकता केलेला बदल टिकत नाही.

नुसते अपील दाखल केल्याने अट थांबत नाही. अपिलासोबतच स्थगितीचा अर्ज करा आणि तो मंजूर होईपर्यंत परिवीक्षा अधिकाऱ्याकडची एकही हजेरी चुकवू नका. अट मोडल्याचे सिद्ध झाले तर कलम ९ खाली मूळ गुन्ह्याची शिक्षा सुनावली जाऊ शकते. पहिल्याच चुकीला न्यायालय ५० रुपयांपर्यंतच्या दंडावर सोडू शकते, पण तो भरला नाही तर पुन्हा शिक्षेचाच प्रश्न उभा राहतो.